चाकाची खुर्ची, नग एक

साकोलीला विमान येणार ही बातमी आली, त्या दिवशी लाखांदूरची बस चार तास उशिरा आली होती. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असू शकतो असं आमच्या गावात कोणालाही वाटलं नाही. लोक बसची वाट पाहत विमानाबद्दल बोलत बसले. खिडकीची जागा रुमाल टाकून धरता येते का, एवढाच काय तो वाद झाला.

साल त्र्याऐंशी. गावापासून दीड कोसावर, पळसटोल्याच्या माळावर, लढाईच्या काळात गोऱ्यांनी बांधलेली एक धावपट्टी होती. लढाई संपली, गोरे गेले, आणि पुढची चाळीस वर्षं त्या पट्टीवर लोकांनी धान वाळवलं. सरकारी बांधकामाचा इतका चांगला उपयोग होतो आहे हे सरकारला बघवलं नाही. नागपूरहून आठवड्यातून दोनदा अठरा आसनांचं विमान निघावं, आमच्याकडे दहा मिनिटं थांबावं आणि रायपूरला जावं, असं ठरलं. त्यासाठी एक कचेरीही निघाली: ‘हवाई सुविधा उपविभाग, साकोली’. तिच्यात मी वरिष्ठ लिपिक होतो. वरिष्ठ अशासाठी, की कनिष्ठ कोणी नव्हता. मी, धनीराम शिपाई, एक कपाट आणि त्या कपाटाची हरवलेली किल्ली, एवढाच उपविभाग. आमच्या डोक्यावर भंडाऱ्याला कार्यकारी अभियंता वासुदेवराव साहेब. साहेब बसल्या खुर्चीतून फार कमी वेळा उठत. उठले की कुठे ना कुठे उद्घाटन असे.

एक दिवस साहेबांचं पत्र आलं. ‘प्रवासी सहाय्यासाठी चाकाची खुर्ची, नग एक, स्थानिक पातळीवर निवडावी. खुर्ची टिकाऊ व चोरीस प्रतिबंधक असावी. निवड चुकल्यास जबाबदारी निवड करणाऱ्याची राहील.’

टिकाऊ मला समजलं. चोरीस प्रतिबंधक खुर्ची म्हणजे काय ते समजेना. खुर्ची चोराला चावते की काय?

ह्या खुर्चीशी माझं तसं काही देणंघेणं नव्हतं. पण त्याच आठवड्यात मालनबाई पडल्या. मालनबाई म्हणजे आमच्या सरकारी दवाखान्यातल्या सेवानिवृत्त नर्स. तालुक्यातली अर्धी लेकरं त्यांच्या हातावर जगात आली, माझी दोन्ही त्यांत. धानाच्या बांधीवरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलगा रायपूरला नोकरीत. त्यानं तिथल्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख घेतली आणि पहिल्याच विमानाचं तिकीट पाठवलं, कारण बसनं दोन कोस नेऊन पाहिलं तर बाई दोनदा बेशुद्ध पडल्या होत्या. आमचा हमरस्ता धडधाकट माणसाची हाडं मोकळी करतो. मोडलेल्यांचं तो काय करील?

मी भेटायला गेलो तर बाई खाटेवरूनच म्हणाल्या, “काहो इश्वरभाऊ, इमान म्हणे दूर थांबते. मले तिथवर कोन नेईल? ही पंचफुला नेईल काय उचलून?”

पंचफुला त्यांची भाची. तिचं वजन ओल्या धानाच्या अर्ध्या पोत्याएवढं.

“बाई,” मी म्हणालो, “सरकार खुर्ची देऊन राहिलं. चाकाची. अन् ती निवडणारा मी आहे. तुम्ही राणीवानी बसून जाल.”

“शबूद देता?”

“दिला.”

माणसानं शब्द द्यावा, पण सरकारी वस्तूच्या भरवशावर देऊ नये. माझी आई जात्यावर म्हणायची,

‘शब्द माह्या भावाचा, जसं पान्यावरचं तेल,
लकाकते दिसाले, धराले जाता ते गेलं.’

तेव्हा मला वाटायचं, आई मामाबद्दल बोलते आहे.

नागपूरच्या दोन दुकानांनी नमुने पाठवले. साहेबांचं दुसरं पत्र आलं: ‘खुर्ची चोरीस जाते किंवा नाही याची चाचणी घेऊन अहवाल जोडावा.’ आता चोरीची चाचणी घ्यायची कशी? चोराला पत्र पाठवायचं? मी पहिली खुर्ची, घडीची, हलकी, चकचकीत, कचेरीच्या ओट्यावर ठेवली आणि आत बसून खिडकीतून पाहत राहिलो. चाचणी फारच यशस्वी झाली. मी चहाची बशी तोंडाला लावली आणि खाली ठेवली, तेवढ्यात ओटा मोकळा. तीन दिवसांनी ती खुर्ची लाखनीच्या चौकात सापडली. तिच्यावर उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली होती आणि विकणारी बाई शेजारी जमिनीवर बसली होती. “बसाले नाही जी,” ती म्हणाली, “टोपलीले पाय नाहीत म्हून घेतली.” सरकारनं आजवर केलेलं हे एकमेव खरं प्रवासी सहाय्य. पण अहवालात तसं लिहिता येईना.

दुसरी खुर्ची लोखंडी. ती मी साखळीनं खांबाला बांधली. खुर्ची राहिली, साखळी राहिली, कुलूप राहिलं. चाकं गेली. चोर इतका नियमाला धरून वागला, की आमच्या खात्यात असता तर बढती मिळाली असती.

मग सल्ले सुरू झाले. आमच्या आळीत सल्ला हे एकच पीक दुबार येतं.

किराणा दुकानवाले भय्याजी म्हणाले, “साखळी कायले बांधता? साखळी दिसली का चोराले समजते, इथं काई तरी हाये. खुर्चीवर फाटकं पोतं टाका. मी साखरेवर तेच टाकतो.”

“पण प्रवाशाला काय वाटेल?”

“वाटंल तं वाटंल. चोरी त नाही होनार.”

सेवानिवृत्त हेडमास्तर पुंडलिकरावांनी आधी चोरीचे प्रकार सांगितले. ते सात निघाले. मग प्रत्येक प्रकाराचं एकेक उदाहरण दिलं, तेही इतक्या बारकाईनं, की माझ्या मनात मास्तरांबद्दल जुन्या काही शंका नव्यानं उभ्या राहिल्या. शेवटी म्हणाले, “खुर्ची जड करा, इश्वर. चोर हा मुळात आळशी प्राणी. नाहीतर त्यानं नोकरी नसती केली?”

आणि शेजारच्या सत्यभामाबाई कुंपणावरून म्हणाल्या, “नाव घाला वो तिच्यावर, भाऊ. माह्या घरचा चमचासुद्धा नावाचा हाये. नावाची वस्तू कोनी नेत नाही.”

हे मात्र मला पटलं. भंडाऱ्याच्या पितळेवर वाढलेली माणसं आम्ही. आमच्याकडे लेकीच्या लग्नातला पाण्याचा गुंडही नावाचा असतो, आणि तेरवीच्या दानातली गडवीही नावाची असते. जन्मापासून सरणापर्यंत माणूस कुठे कुठे गेला हे आमच्याकडे भांड्यांवरून वाचता येतं. सत्यभामाबाईंच्या घरी माझ्या बायकोच्या नावाचे तीन चमचे आहेत, हे मला त्या क्षणी आठवायला हवं होतं. आईची एक ओवी आहेच,

‘भांड्यावरी नाव, माह्या बापाजीचं कोरलं,
भांडं गेलं परघरी, नाव माह्यापाशी उरलं.’

पण ओव्या लक्षात असून उपयोग नसतो. वेळेवर आठवाव्या लागतात.

चाकं गेलेली लोखंडी खुर्ची जड करायचं काम मंगरूला दिलं. मंगरू बैलबंड्यांना लोखंडी धावा चढवणारा कारागीर. त्यानं येनाच्या जडशीळ लाकडाची बैठक केली, बंडीच्या आसाचा तुकडा खाली घातला, आणि नव्या चाकांना अशा खिळपट्ट्या मारल्या की चाकं काढायची तर खुर्ची जाळावी लागली असती. “आता हिले हत्तीच नेईल, बाबूजी,” तो म्हणाला. मी ढकलून पाहिली. पहिल्या झटक्यात खुर्ची हलली नाही, माझी कंबर हलली. पण एकदा चालू लागली की सुरेख चाले. थांबवणं हा वेगळा विषय होता. तो पत्रात नव्हता.

पाठीवर मंगरूनं पितळी पत्रा ठोकला. त्यावर नाव कोणाचं? खात्याचं पूर्ण नाव पत्र्यावर मावेना. पुंडलिकराव म्हणाले, “खात्याला कोण भितो? साहेबाचं नाव घाल.” मी कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘मा. श्री. वासुदेवरावजी साहेब, कार्यकारी अभियंता’. आणि तो कागद आठवडी बाजारात बसणाऱ्या डोमाकडे दिला.

डोमा भांड्यांवर नावं कोरतो. हातोडीचे बारीक टकटक ठोके, मान खाली, तोंडात सुपारी. तीस वर्षांत त्यानं मान वर करून गिऱ्हाइकाकडे पाहिलं असेल तर शपथ. मी त्याच्याकडे खुर्ची सोडून कचेरीत आलो, कारण साहेबांचं तिसरं पत्र आलं होतं: ‘खुर्ची चोरीस प्रतिबंधक असल्याचा दाखला त्वरित पाठवावा.’ तो मी लिहून पाठवला.

दुपारी धनीराम खुर्ची घेऊन परत आला. एरवी हा शिपाई पाण्याचा पेलाही दोन हुकमांशिवाय हलवत नाही. पण त्या दिवशी त्याच्या अंगात काय संचारलं देव जाणे. मी जेवायला घरी गेलो असताना त्यानं खुर्चीवरचा मजकूर जसाच्या तसा जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे सरकारी वस्तूंच्या यादीत, उतरवला, त्याच्या दोन नकला केल्या, आणि लाखनी व लाखांदूरच्या कचेऱ्यांना ‘माहितीस्तव’ टपालात टाकल्या. वीस वर्षांच्या नोकरीत त्यानं आपणहून केलेलं हे पहिलं काम, आणि देव करो, शेवटचं.

मी परत आलो आणि पत्रा वाचला.

‘मा. श्री. वासुदेवरावजी साहेब, कार्यकारी अभियंता, यांचे स्मरणार्थ.’ खाली उरलेल्या जागेत एक छोटीशी समई.

मी धावत बाजार गाठला.

“डोमा! हे काय केलं गा?”

“काय केलं जी?”

“स्मरणार्थ? साहेब जिते हायेत ना!”

डोमानं तीस वर्षांत प्रथमच मान वर केली. “जिते हायेत? मंग त्यायच्या नावाची खुर्ची कायले काढली?” त्यानं सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. “हे पाहा बाबूजी, माह्यापाशी दोनच मजकूर. सप्रेम भेट, नाहीतं स्मरनार्थ. सप्रेम भेटीत देनाऱ्याचं नाव रायते अन् घेनाऱ्याचं रायते. तुमच्या कागदावर घेनारा कोन? कोनीच नाही. घेनारा नाही, म्हनजे स्मरनार्थ.”

“अरे पण मला विचारायचं!”

“विचारू काय? वस्तू खुर्ची. नाव साहेबाचं. साहेबानं जितेपनी खुर्ची सोडली असं मी त आजवर आइकलं नाही.”

मी पत्र्यावर बोट ठेवलं.

“खोडून टाक.”

“आत्ता खोडतो. एक कानस लागते.”

पण आता खोडता येत नव्हतं. नोंदवहीत मजकूर चढला होता, नकला रवाना झाल्या होत्या. वस्तूवर एक आणि वहीत दुसरं असं झालं, तर ती वस्तू बदलली असं समजतात, म्हणजे चोरी. नामफलकात बदल करायचा तर वरिष्ठांची मंजुरी. आणि वरिष्ठ म्हणजे वासुदेवराव साहेब. मंजुरी मागायची म्हणजे साहेबांना कळवायचं, की साहेब, आपण वारलात, तरी दुरुस्तीस परवानगी असावी. मी तीन मसुदे केले. तिन्ही सांत्वनाच्या पत्रासारखे झाले.

एक मात्र खरं. खुर्ची चोरीस प्रतिबंधक झाली. अशी झाली, की जगात त्या तोडीची खुर्ची नसेल. तेरवीच्या दानातली वस्तू, मेल्याच्या नावाची, तीही घेणाऱ्यावाचून राहिलेली! चोर तर सोडाच, कुत्रंही तिच्या सावलीला बसेना. धनीरामनं ढकलायला साफ नकार दिला. भय्याजी रस्ता बदलून जाऊ लागले. कचेरीचं छप्पर गळत होतं म्हणून मी ती एक दिवस घरच्या ओसरीत आणली, तर माझी बायको पुष्पा दारातच आडवी झाली. “ती आत आली तं मी बाहेर. दोघींतली एक ठेवा.” मी जरा विचार केला, एवढंच तिनं पाहिलं. पुढचे चार दिवस मला वाढलेलं ताट सांडशीनं सरकवल्यासारखं पुढे येई.

तिकडे नकलांनी आपलं काम केलं. लाखनीच्या कचेरीनं दोन मिनिटं उभं राहून मौन पाळलं. लाखांदूरची मंडळी जास्त हळवी. त्यांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली, चिवडा आणवला, आणि ‘कै. साहेबांच्या जाण्याने खात्याचे कधीही भरून न येणारे नुकसान झाले आहे’ असा शोकप्रस्ताव मंजूर करून भंडाऱ्याला पाठवला. तो रीतसर आवक क्रमांक घेऊन साहेबांच्या टेबलावर गेला. साहेबांनी सवयीप्रमाणे न वाचता कोपऱ्यात लिहिलं, ‘पाहिले. फाईल करावे.’ आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी कोणी तरी ते त्यांच्या ध्यानात आणून दिलं.

मग पत्र आलं, लाल शाईत: ‘सदर खुर्ची उद्घाटनाच्या दिवशी तात्काळ दृष्टीआड करावी.’ त्याच टपालानं मुंबईच्या बड्या कचेरीचं आलं: ‘प्रवासी सहाय्याची खुर्ची समारंभात सर्वांस ठळकपणे दिसेल अशी ठेवावी. निरीक्षक नोंद घेतील.’ म्हणजे खुर्ची दिसायला हवी आणि दिसायला नको. देवाधर्मात हे जमतं, कचेरीत कठीण. मी दोन पत्रं समोर ठेवून बसलो, आणि मला सुचलेला उपाय त्या वेळी फार हुशारीचा वाटला. खुर्ची मांडवात ठेवायची आणि पत्र्यावर झेंडूचा जाडजूड हार घालायचा.

स्मरणार्थच्या पाटीला हार घातल्यावर ती कशी दिसेल, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. तो पुष्पाच्या डोक्यात आला. पण ती माझ्याशी बोलत नव्हती.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सातपासून पळसटोल्याच्या माळावर जत्रा. पुऱ्या पंचक्रोशीनं धान कापायचं थांबवलं होतं. ‘विमानतळ’ म्हणजे एक टिनाची खोली आणि तिच्यापुढे मांडव. खोलीजवळची पट्टी फुटलेली, म्हणून विमान तीनशे पावलं दूर थांबणार होतं. मांडवाच्या कडेला पोत्यावर मालनबाई बसल्या होत्या, नवं पांढरं लुगडं, हातात तिकीट. पंचफुला आणि दोघातिघांनी त्यांना बंडीतून आणलं होतं. दुखण्यानं चेहरा फिका पडला होता, पण माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “भाऊ, शबूद हाये ना?”

“आहे बाई,” मी म्हणालो, आणि हाराकडे पाहिलं.

साहेब विमानानं येणार होते. भंडारा ते साकोली मोटारीनं तासाभराचा रस्ता. पण साहेब आदल्या दिवशी उलट दिशेनं नागपूरला गेले, तिथे मुक्काम केला, आणि विमानात बसून आपल्याच घरावरून उडत आमच्याकडे आले. ह्याला खात्यात पाहणी म्हणतात.

विमान उतरलं. बँड सुरू झाला. दार उघडून चार पायऱ्यांची शिडी खाली आली आणि तिच्यावर साहेब प्रकटले. गळ्यात नागपूरचा हार. त्यांनी जनतेकडे पाहून हात हलवला. जनतेकडे पाहताना पायऱ्यांकडे पाहायचं राहिलं. चौथी पायरी समजून त्यांनी पाय टाकला तो थेट विदर्भाच्या मातीवर, तोही वाकडा. साहेब खाली बसले आणि ओरडले.

“खुर्ची! प्रवासी सहाय्याची खुर्ची आणा!”

सांगायला लाज वाटते, पण क्षणभर माझी छाती फुगली. पाच पत्रं, दोन चाचण्या, एक कंबर. सगळ्याचं चीज झालं. मी स्वतः खुर्ची ढकलत धावलो. ती सुरू झाली आणि थांबेना, तो वेगळा विषय आधी सांगितलाच आहे. साहेबांच्या पायापासून वीतभरावर मी तिला टाच रोवून अडवली. त्या धक्क्यानं हार घसरला आणि सरळ खाली पडला.

साहेबांनी वाचलं. समईसुद्धा वाचली.

“मी,” साहेब म्हणाले, “ह्यात बसणार नाही.”

“साहेब, मजकूर काही—”

“माझ्याच स्मरणार्थ खुर्चीत मी बसू? फेकून द्या ही! कुलपात टाका! आत्ताच्या आत्ता!”

भय्याजींना अशा वेळी हटकून काही तरी सुचतं. ते पळत जाऊन चौकीदाराची खाट घेऊन आले. साहेबांना आडवं केलं. चौघांनी चार पाय खांद्यावर घेतले. गळ्यात हार होताच. बँडवाल्यांना काय वाजवावं कळेना, म्हणून त्यांनी आहे तेच संथ वाजवायला घेतलं. माळावर दूर बसलेल्या लोकांनी खाट पाहिली आणि उठून उभे राहिले. पुरुषांनी टोप्या काढल्या. लाखांदूरचे लोक तर एकमेकांना सांगू लागले, “आम्ही म्हनलोच होतो. सुट्टी बरोबर घेतली.”

आणि विमानाचा पायलट घड्याळाकडे पाहत म्हणाला, “आठ मिनिट.”

मी मांडवाकडे पाहिलं. मालनबाई हाक मारत होत्या.

“भाऊ, आना ती खुर्ची इकडे!”

मी खुर्ची मांडवाशी नेली. धनीराम मध्ये आला. “माय, नको बसू. त्याच्यावर मेल्या मानसाचं नाव हाये.”

“मेला कुठं?” मालनबाई म्हणाल्या. “थो पाहा ना, खाटेवर बोंबलून राहिला.” लोक हसले. त्या मात्र हसल्या नाहीत. “अन् मेला असता तरी मले काय रे? छप्पन साली दसऱ्याले मी नागपूरले गेली होती. श्राद्ध नाही, पिंड नाही, शपथ घेऊन आली. चाळीस साल लोकायची लेकरं जन्माले घातली, काही हातात जिती आली, काही मेली. मले मेल्याचं भेव नाही, बाप्पा. जित्यानंच खुर्ची कुलपात टाकू नये म्हंजे झालं.”

खाटेवरून साहेबांचा आवाज आला, “इश्वर! ती खुर्ची हलली तर तुम्ही निलंबित! लेखी देतो!”

माझे हात खुर्चीच्या मुठीवर होते. मी आयुष्यात साहेबाचा हुकूम कधी मोडला नव्हता. पाळलाही नव्हता म्हणा, पण मोडला नव्हता. घरी दोन लेकरं. ती कोणाच्या हातावर आली, हेही तेव्हाच आठवायचं होतं.

“बसा, बाई,” मी म्हणालो.

पंचफुलानं आणि मंगरूनं त्यांना उचलून बसवलं. मी जोर लावला. बंडीचा आस कुरकुरला, येनाचं लाकूड कण्हलं, आणि ती चोरीस प्रतिबंधक, टिकाऊ, अवजड वस्तू हलली. आमच्या पुढून साहेबांची खाट चौघांच्या खांद्यावर विमानाकडून मांडवाकडे येत होती, आणि आम्ही मांडवाकडून विमानाकडे जात होतो. बरोबर मध्यावर दोन्ही वराती समोरासमोर आल्या. साहेब आडवे, डोळे आभाळाकडे. मालनबाई ताठ बसलेल्या, पाठीवर साहेबांची समई. बाईंनी वाकून पाहिलं आणि एखाद्या बाळंतिणीला सांगावं तशा मऊ आवाजात म्हणाल्या, “गरम पान्यानं शेका, साहेब. चार दिवसांत उठाल.”

साहेबांनी डोळे मिटले. त्यामुळे खाट अजूनच तिरडीसारखी दिसली.

पायलट खाली उतरून आला. त्यानं आणि पंचफुलानं बाईंना शिडीवर घेतलं. दारातून त्या एवढंच म्हणाल्या, “भाऊ, खुर्ची सांभाळा. मी येनार हाये.” मग विमान धावलं आणि वाळत घातलेल्या धानावर वारा उठवून उडून गेलं.

मी निलंबित झालो नाही. साहेबांनी आरोपपत्र लिहायला घेतलं होतं म्हणे, पण आरोप काय लिहिणार? ‘माझे स्मरणार्थ असलेली खुर्ची माझ्या हयातीत वापरात आणली’? दोन कच्चे मसुदे फाडून त्यांनी माझी लाखांदूरला बदली केली. तिथल्या मंडळींनी माझं स्वागत चिवड्यानं केलं.

विमान आठ महिने आलं. मग एक दिवस आलं नाही, आणि न येण्याबद्दल पत्र यायला सहा महिने लागले. लोकांनी पट्टीवर पुन्हा धान घातलं. वाऱ्याची दिशा दाखवायची नारिंगी कापडी पिशवी गेली, तिच्या दोन छान चड्ड्या झाल्या. टिनं गेली, तारा गेल्या, दार गेलं, चौकट गेली. ‘विमानतळ’ ही पाटी पळसटोल्यात एका बकरीच्या गोठ्याला दार म्हणून लागली. खुर्ची मात्र जिथल्या तिथे, छप्पर नसलेल्या खोलीच्या मधोमध, उन्हापावसात उभी. पितळी पत्रासुद्धा शाबूत. ह्या जिल्ह्यात उघड्यावरचं पितळ दोन वर्षं राहिलं, हे मी कोणाला सांगितलं तर तो मला खोटारडा म्हणेल.

पंच्याऐंशीच्या दिवाळीत मालनबाई परत आल्या, बसनं, चार तास उशिरा. घरातल्या घरात काठीवर चालत होत्या, पण बाजार दूर पडायचा. मी सुट्टीत घरी आलो होतो, भेटायला गेलो.

“भाऊ, माही खुर्ची?”

मी रीतसर अर्ज केला. ‘वापरात नसलेली खुर्ची गरजू व्यक्तीस देण्यात यावी.’ उत्तर आलं, जडसंग्रहातील वस्तू देता येत नाही. निकामी ठरवायची तर ती मोडलेली पाहिजे. मोडली नसल्यास मोडेपर्यंत वाट पाहावी. मंगरूनं केलेली ती वस्तू. वाट पाहायची म्हणजे माझी तिसरी पिढी लागली असती.

तेव्हा भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, मी ती चोरली. दीड कोस ढकलत आणली. वाटेत भय्याजींनी पोतं टाकायचा सल्ला दिला. पुंडलिकरावांनी हा चोरीचा आठवा प्रकार असल्याचं सांगितलं आणि वहीत टिपून घेतला. सत्यभामाबाई कुंपणावर आल्या आणि पत्र्यावरचं नाव वाचून घाईनं आत गेल्या. चमच्याचा विषय निघेल म्हणून असेल.

खुर्ची चोरीला गेल्याचा अहवाल मीच लिहिला. त्यावर आलेलं उत्तर अजून माझ्या पेटीत आहे: ‘सदर खुर्ची चोरीस प्रतिबंधक असल्याचा दाखला आपणच दिला आहे. सबब ती चोरीस जाणे शक्य नाही. खुर्ची जागेवर असल्याचे समजण्यात येत आहे.’

पुढच्या आठवडी बाजारात मी डोमापुढे खुर्ची उभी केली. बाई तिच्यात बसलेल्याच होत्या. डोमानं दुसऱ्यांदा मान वर केली.

“आता घेनारा हाये ना?”

“आहे.”

“मंग सांगाचं होतं पैले.” त्यानं कानस काढली, ‘यांचे स्मरणार्थ’ घासून टाकलं, आणि टकटक सुरू केली. समई तेवढी त्यानं राहू दिली. म्हणाला, चांगली उतरली आहे.

आज साकोलीच्या बाजारात मालनबाई ज्या खुर्चीतून हिंडतात, तिच्या पाठीवर पितळेत लिहिलेलं आहे: ‘मा. श्री. वासुदेवरावजी साहेब, कार्यकारी अभियंता, यांचेकडून श्रीमती मालनबाई यांस सप्रेम भेट.’